धाकटीला पाठवा

३ जानेवारी

आजपासून दैनंदिनी लिहायची ठरवली आहे. दुसऱ्यांचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाने स्वतःचीही नोंद ठेवलेली बरी.

काल आम्ही सगळी चुलत भावंडं जमलो होतो. ठराव दोन होते. पहिला, आपल्या घराण्याचा इतिहास छापायचा आणि तो मी लिहायचा. एकमताने माझं नाव पुढे आलं, कारण मी मोजणी खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढले आणि आता निवृत्त आहे. (ही म्हणते, यातलं दुसरंच कारण खरं.) दुसरा, आत्याने यापुढे कुठे राहायचं. पहिल्या ठरावाला तीन तास गेल्यामुळे दुसरा पुढे ढकलला. एप्रिलच्या पहिल्या रविवारी संमेलन घ्यायचं आणि पुस्तकाचं प्रकाशन व आत्याचा निर्णय एकाच हॉलमध्ये उरकून टाकायचा, असं ठरलं. तोवर ती आमच्याकडे राहील.

आत्या म्हणजे वडिलांची सगळ्यात धाकटी बहीण. वय चौऱ्याऐंशी, लग्न केलं नाही. ती नेहमी कुणाच्या ना कुणाच्या घरी असायचीच, त्यामुळे ती राहते कुठे हा प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता. मी लगेच होकार दिला. खरं लिहायचं तर तिच्या ट्रंकेत वडिलांची आणि दोन्ही काकांची जुनी पत्रं आहेत. पत्रांशिवाय इतिहास म्हणजे ओट्यावरच्या गप्पा.

७ जानेवारी

आत्या आली. ट्रंक माझ्या टेबलाशेजारी ठेवली. तिची स्वतःची पिशवी तिने उघडलीच नाही, कॉटखाली सरकवली. हिने कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. "राहू दे गं," आत्या म्हणाली, "परत भरायचंच आहे." संध्याकाळपर्यंत तिने आमच्या दोन पडद्यांची शिवण, एक गळका नळ आणि दुधाचं रोजचं प्रमाण एवढं दुरुस्त केलं.

ट्रंकेत चारशे सव्वीस पत्रं निघाली. सगळी आजीच्या नावे. प्रत्येक पत्राला मधोमध भोक आहे, कारण ती तारेला ओवलेली असायची. कितीतरी महत्त्वाचे शब्द त्या भोकात गेले आहेत. इतिहासकाराला हे सोसावं लागतं.

१२ जानेवारी

पद्धत ठरवली. भिंतीवर मोठा नकाशा लावला आहे. तिघा भावांची स्थलांतरं तीन रंगांच्या दोऱ्यांनी दाखवायची. थोरले काका लाल, मधले काका निळा, वडील हिरवा. थोरले काका पुलांचे ओव्हरसीअर, त्यांची आठ गावं. मधल्या काकांची दुकानं, त्यांची पाच. वडील गणिताचे मास्तर, त्यांची सहा. एकूण एकोणीस. आपले पूर्वज बारा गावचं पाणी प्यायलेले होते असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात सात गावं जास्तच भरली.

प्रत्येक पत्राची मी कार्डावर नक्कल करतो आणि किरकोळ घरगुती मजकुरावर लाल पेन्सिलीने रेघ मारतो. उदाहरणार्थ थोरले काका लिहितात, "साहेबांशी परत वाजलं. त्यांना तोंडावर गाढव म्हणालो. बदलीचा हुकूम आला." यातलं शेवटचं वाक्य ठेवलं आणि त्यावरून लिहिलं, "त्यांच्या कर्तृत्वाची गरज ठिकठिकाणी भासत होती." मधल्या काकांचं सायकलचं दुकान दोन वर्षांत बसलं, रेडिओचं दीड वर्षात, शिलाई यंत्रांचं तर उद्घाटनाच्याच महिन्यात. लिहिलं, "उद्योगात त्यांनी सतत विविधता आणली." हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं. हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही दिवाळखोरीत निघालेल्या माणसांच्या जाहिराती लिहायला हव्या होत्या."

तिघांनाही एक सवय होती. पत्राच्या शेवटी, सहीच्या आधी, "धाकटीला पाठवा" असं लिहायचे. धाकटी म्हणजे आपली आत्या. अशा ओळी सरसकट गाळतो आहे.

१९ जानेवारी

हिरवा दोरा तोडलेला आढळला. चौकशी केली. आत्याने माझ्या सदऱ्याचं बटण त्या दोऱ्याने शिवलं होतं. सध्या वडील दोन गावं मागे आहेत.

२ फेब्रुवारी

ही तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात होती, त्यामुळे दुसऱ्याच्या टेबलावरचे कागद लावायची तिला खोड आहे. आज कार्डं चाळता चाळता तिने विचारलं, "आत्यांचा रंग कुठला?"

मी समजावलं, की आत्याने स्वतंत्र स्थलांतर असं केलेलं नाही. ती भावांकडे जाऊन येऊन असायची. जाऊन येऊन असण्याला दोरा लावत नाहीत.

"जाऊन येऊन म्हणजे कितीदा?"

"ते कोण मोजणार?"

"मोजणी खातं," ती म्हणाली.

मग तिने विचारलं, की गाळलेली कार्डं मी नेऊ का. म्हटलं ने, रद्दीच आहे.

१० फेब्रुवारी

मॅनेजरचा फोन. हा थोरल्या काकांचा मुलगा. बँकेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी आम्ही त्याला मॅनेजरच म्हणतो आणि तोही तसाच बोलतो. त्याने आत्यासाठी एक संस्था पाहून ठेवली आहे. लिफ्ट आहे, आठवड्याला डॉक्टर येतो, खोलीत एकच जोडीदार. मी विचारलं, "आत्याला सांगितलंस?" तो म्हणाला, "आधी जागा मिळते का बघू, मग तिचं मत घेऊ." मला हे व्यवहाराला धरून वाटलं. हिला सांगितलं तर ती म्हणाली, "गरज सरो, वैद्य मरो." आणि जेवायला वाढताना माझ्या ताटात मीठ वाढायचं विसरली. बहुधा विसरली.

दुपारी आत्याची मुलाखत घेतली. वही, दोन पेनं, प्रश्नावली, सगळी तयारी होती. विचारलं, "थोरल्या काकांचा तो मोठा पूल होता कसा?"

"मला काय माहीत. मी गेले तेव्हा तुमच्या मॅनेजरला गोवर निघालेला. पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत त्याला घेऊन बसले होते."

"बरं, मधल्या काकांच्या रेडिओच्या दुकानाबद्दल सांग."

"तेव्हा डॉक्टरीण झाली. पायाळू. आठ दिवस रडत होती, आई वेगळी आणि पोर वेगळी." (डॉक्टरीण ही त्यांची मुलगी. दातांची डॉक्टर आहे.)

प्रश्नावलीतल्या बावीस प्रश्नांना अशीच उत्तरं मिळाली. इतकी गावं हिंडून बाईने एकही गोष्ट पाहिलेली नाही. साक्षीदार म्हणून तिचा उपयोग नाही अशी नोंद करून वही मिटली.

२१ फेब्रुवारी

आज वडिलांचं एक पत्र लागलं. माझ्या जन्माच्या सव्वा महिना आधीचं. "हिचे पाय सुजले आहेत. धाकटीला लगेच पाठवा. तिच्या नर्सच्या कोर्सचं काय, पुढच्या वर्षीही करता येईल." पुढच्या वर्षीचं पत्रही शोधलं. त्यात मधल्या काकूंचा हात मोडला होता. त्याच्या पुढच्या वर्षीचं काढलं. "धाकटीच्या लग्नाचं उन्हाळ्यानंतर बघू, तूर्त तिला इकडे पाठवा." यानंतर कोर्सचा किंवा लग्नाचा उल्लेख पत्रांत कुठेही नाही.

बराच वेळ विचार केला. ग्रंथकर्त्याच्या जन्माचा उल्लेख ग्रंथात हवाच. पण नर्सच्या कोर्सने वाचकाचं लक्ष भलतीकडे जाईल. म्हणून ती ओळ गाळली. रेघ मारताना पेन्सिलीचं टोक मोडलं. हल्ली पेन्सिली चांगल्या येत नाहीत.

आत्याला सहज विचारलं, "तुझा कोर्स होता ना कसला तरी?"

"होता एक," ती म्हणाली, आणि दूध बघायला गेली. दूध तापत ठेवलेलं नव्हतं.

१२ मार्च

पुस्तक छापखान्यात गेलं. दोनशे पानं. सकाळी छापखानेवाल्याचा फोन आला, "साहेब, सोळा पानांचा एक फॉर्म असतो. तुमचे साडेबारा होतायत. शेवटची आठ पानं कोरी जातील. काही मजकूर असेल तर संध्याकाळपर्यंत द्या."

कोरी पानं म्हणजे घराण्याची बेअब्रू. पण तेव्हाच माझी दाढ इतकी ठणकत होती की मला डॉक्टरिणीकडे जावं लागलं. तिने ती उपटली. (चुलत भाऊ म्हणून घाई करते, दुखतं तितकंच.) घरी आलो तो गाल पेरूएवढा, जीभ बधिर. ही म्हणाली, "मी एक परिशिष्ट देते त्यांना. माझ्याकडे तयार आहे. बरोबर आठ पानं." मी विचारायला तोंड उघडलं, त्यातून फक्त पाणी आलं. मग मान हलवली.

परिशिष्ट बहुधा वंशवृक्षाचं असावं.

२४ मार्च

आत्याची पिशवी कॉटखालून दाराशेजारी आली आहे. म्हटलं, "अजून बारा दिवस आहेत."

"असू दे. ऐन वेळी धांदल नको."

तिला संस्थेबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही, पण मॅनेजर फोनवर बोलतो ते शेजारच्या तीन घरांना कळतं. ती शांतपणे म्हणाली, "तिकडे माणसं किती आहेत रे? स्वयंपाक मोठा असेल."

"अगं, स्वयंपाकाला तिथे बाया आहेत."

"मग आजारी कोण आहे?"

"कुणी नाही. म्हणजे, तू नुसती राहायचंस."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नकाशा उलटा धरला आहे. "मग मला बोलावतायत कशाला?" मी बघतो, असं काहीतरी म्हणून टेबलाशी जाऊन बसलो. मला लाज वाटली, हे इथे लिहून ठेवतो. कशाची, ते मात्र नीट कळलं नाही. संध्याकाळी नकाशाला नवा हिरवा दोरा लावला आणि वडिलांना त्यांच्या गावी पोचवलं.

५ एप्रिल

आज काय झालं ते क्रमाने लिहितो.

हॉलवर छत्तीस माणसं आली. माझा नकाशा व्यासपीठामागे लावला होता. मॅनेजरने पुस्तकाचं प्रकाशन केलं आणि सव्वीस मिनिटं बोलला, त्यातली चोवीस स्वतःच्या वडिलांच्या पुलांबद्दल. मग प्रती वाटल्या. आता माझी चूक सांगतो. घराण्याचं पुस्तक हातात आलं की कुणीही ते पुढून वाचत नाही. वंशवृक्षात आपलं नाव आहे का, ते बघायला प्रत्येक जण मागून उघडतो. चौतीस वर्षं नकाशे काढले, पण माणूस नकाशात आधी स्वतःचं घर शोधतो एवढं माझ्या लक्षात राहिलं नाही.

मागे वंशवृक्ष नव्हता. मागे आठ पानं होती, वर ठळक अक्षरात "परिशिष्ट: ग्रंथकर्त्याने गाळलेला मजकूर". खाली तारीखवार एकतीस नोंदी. "थोरल्याकडे. मुलाला गोवर. धाकटीला पाठवा." "मधल्याकडे. बाळंतपण अवघड दिसतं. धाकटीला पाठवा." "मास्तरांकडे. मुलगा झाला, अशक्त आहे, धाकटीला इतक्यात परत बोलावू नये." अशा एकतीस. भावांची तिघांची मिळून स्थलांतरं एकोणीस. तिची एकटीची एकतीस.

हॉलमध्ये आधी कुजबुज झाली. मग डॉक्टरीण मोठ्याने म्हणाली, "नऊ नंबर माझा." कुणी म्हणालं, "सतरा आणि अठरा आम्ही दोघं." मॅनेजरला चार सापडला, त्याने चष्मा काढून पुसला आणि परत घातलाच नाही. माझा नंबर तेरा. हिने ती ओळ कोर्ससकट छापली होती. मी हिच्याकडे पाहिलं. ती पाण्याचे ग्लास मोजत होती.

आत्या दुसऱ्या रांगेत बसली होती. तिच्याजवळ चष्मा नव्हता. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं आणि सगळे आपल्याकडे का बघतायत म्हणून तिने दोनदा पदर सारखा केला.

जेवणानंतर दुसरा विषय निघाला. मॅनेजरने संस्थेचं पत्रक खिशातून काढलंच नाही. म्हणाला, "आत्या माझ्याकडे राहील." मला बरं वाटलं. पण पुढचं वाक्य होतं, "तसंही जूनमध्ये हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे." त्यावर डॉक्टरीण म्हणाली, आत्यावर पहिला हक्क तिचा, शिवाय सुनेला पाचवा लागलाय. मागून कुणी नातवाची दहावी काढली. पाच मिनिटांत आत्यासाठी अशी ओढाताण सुरू झाली की बघत राहावं. डोळ्यांत पाणीही सगळ्यांच्या, आणि तोंडात काम.

आणि आत्या खूश झाली. खुर्चीत पुढे सरकली. बोटं मोजायला लागली. "थांबा, थांबा, एकेकाने सांगा. गुडघा जूनमध्ये ना? मग सुनेचे दिवस कधी भरतायत? ऑगस्ट? मग जमेल. जुलैअखेर मी तुझ्याकडे येते, दिवाण बाहेर टाक, मला खोली नको. दहावी मार्चला असते, तिला अवकाश आहे."

तिची पिशवी तिच्या पायाशी होती.

मी इथे खरंच लिहिणार आहे. माझ्या मनातही एक काम होतं. या इतिहासाचा दुसरा खंड काढावा, आत्याला ठेवून घ्यावं आणि तिच्याकडून आठवणी सांगून घ्याव्यात, असं मी दोन दिवस घोळवत होतो. ते सगळं बोलायला मी उभा राहिलो. ती बोटं मोजत होती, करंगळीपर्यंत आली होती. माझ्या तोंडून वेगळंच निघालं.

"आत्या कुठेही जाणार नाही. आमच्याकडे राहील."

तिने वर पाहिलं. "का रे? तुझ्याकडे काय अडलंय?"

"काही अडलेलं नाही."

"हिला बरं नाही का?"

"बरी आहे."

"मग?"

छत्तीस माणसं माझ्याकडे बघत होती. दोनशे पानं लिहिलेल्या माणसाला एक वाक्य सुचेना. शेवटी ही ग्लास ठेवून आली आणि तिची पिशवी उचलून म्हणाली, "मग काही नाही, आत्या. राहायचं."

आत्याने बोटं मिटली, पण गोंधळलेलीच होती. येताना रिक्षात दोनदा विचारलं, "नक्की काही झालं नाहीये ना?"

११ एप्रिल

सामान कपाटात लागलं. कप्पा निम्मासुद्धा भरला नाही.

आत्याला काम नाही आणि ते तिला मुळीच जमत नाही. पहाटे उठून भांडी घासते. हिने आणि तिने तह केला आहे, की रोज एक जुडी भाजी निवडायची, दुसरी मागायची नाही. बाकी वेळ ती खिडकीशी बसते आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नाही. काल मी माझा एक धड असलेला सदरा बटण तोडून तिला दिला. हे हिला सांगितलेलं नाही.

आज दुपारी म्हणाली, "ती शेवटची पानं वाच बघू मला." मी पहिल्या नोंदीपासून सुरुवात केली. चौथीलाच तिने हात वर केला. "असं सपाट नाही वाचायचं. आईला वाचून दाखवायचे तेव्हा मी ज्याचा त्याचा आवाज काढायचे."

तेव्हा कळलं, की आजीला शेवटची वीस वर्षं दिसत नव्हतं आणि आलेलं प्रत्येक पत्र आत्याच मोठ्याने वाचायची. म्हणजे धाकटीला पाठवा, हेही दर वेळी तिनेच आजीला वाचून दाखवलं होतं. तीन महिने मी त्या पत्रांवर बसून होतो. ती वाचली कुणी, हा प्रश्न मला शिवलाही नाही.

"मग ती ओळ एखाद्या वेळी गाळायची होतीस," मी म्हणालो. "आजीला काय कळणार होतं?"

"गाळायची कशी? तिकडे खरंच अडलेलं असायचं." मग म्हणाली, "एकदा घातली होती मात्र."

"काय घातलीस?"

"ओळ. मधल्याचं पत्र आलं होतं. त्यात दुकानाशिवाय काही नव्हतं. मी आपलं शेवटी वाचलं, धाकटीला पंधरा दिवस पाठवा. आई म्हणाली, जा बाई, त्याचं अडलं असेल. शेजारणीला माझ्याकडे बघायला सांग."

"आणि तू मधल्या काकांकडे गेलीस?"

"नाही."

मी वही ओढली. बत्तिसावं स्थलांतर. ज्याला पत्र नाही, पुरावा नाही, बोलावणारा कुणी नाही. इतिहासकाराच्या आयुष्यात असा क्षण एकदाच येतो. ती दीड तास बोलत होती. गाव सांगितलं, तिथे कोण होतं ते सांगितलं, पंधरा दिवसांतल्या पंधराही दिवसांत काय झालं ते सांगितलं. पूल, दुकानं, गोवर, कुणाचं काही नव्हतं त्यात. बोलताना तिचे हात कुठे आहेत याकडे तिचं लक्ष नव्हतं.

सगळं सांगून झाल्यावर तिने माझ्या पेनाकडे पाहिलं. "हे लिहू नकोस हं."

"पुस्तकात नाही लिहिणार. दैनंदिनीत?"

"कुठेच नको."

म्हणून लिहीत नाही.